तिखाडीच्या तेलाचे सात डबे

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी डोळ्यांपुढे येते ते माझेच अक्षर. 'गुन्हा कबूल आहे' असे मी जबानीच्या कागदावर लिहिले होते, आणि लिहिताना माझा हात जराही अडखळला नव्हता.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते. परतवाड्याच्या ठाण्यावर ठाणेदार म्हणून रुजू होऊन मला चारेक महिनेच झाले होते. ठाण्याच्या ओसरीतून मेळघाटचे डोंगर दिसत. त्या डोंगरांत तिखाडी नावाचे गवत उगवते. दिवाळीच्या सुमारास ते फुलोऱ्यावर आले की भट्टीत शिजवून त्याचे सुगंधी तेल काढतात. अत्तरवाले आणि साबणवाले ते पार मुंबईपर्यंत नेत. गवत कापणारे कोरकू, जाळ घालणारे कोरकू, आणि भट्टी मात्र परतवाड्याच्या एका ठेकेदाराची, असे वर्षानुवर्षे चालले होते.

त्या साली धारणीकडच्या एका गावाने ही रीत मोडली. गावचा पटेल जंगलखात्याच्या साहेबापुढे जाऊन उभा राहिला आणि भट्टीचा परवाना गावाच्या नावावर घेऊन आला. तेलाचा सौदाही त्याने अमरावतीच्या एका व्यापाऱ्याशी स्वतः ठरवला. पहिले सात डबे डोंगर उतरले, अमरावतीला पोचले, आणि दोनच दिवसांनी व्यापारी ते सातही डबे मोटारीत घालून माझ्या ठाण्यात हजर झाला.

"ठाणेदारसाहेब, मले फसवलं हो," तो घाम पुसत म्हणाला. "दोन डबे फोडून पायले. दोन्हीत भुईमुगाचं तेल घातलं आहे. बाकीच्यायले मी हातबी लावला नाही."

त्याने कागदावर थेंब टाकून दाखवला. तिखाडीचे चांगले तेल कागदावरून उडून जाते, मागे काही राहत नाही. इथे तासाभराने वास गेला आणि कागदावर तेलकट डाग तेवढा राहिला. मी फिर्याद लिहून घेतली, डबे मुद्देमाल म्हणून जप्त केले आणि रोजनाम्यात नोंद केली.

दुपारी ठेकेदाराचा मुनीम सहज आल्यासारखा ठाण्यात आला. "गेल्या बाजारी पटेलानं तेल्याकडून भुईमुगाचं तेल नेलं, म्या माह्या डोळ्यानं पायलं," असे सांगून गेला. खबर देणारा सहसा काहीतरी मागतो, निदान चहा तरी. या गृहस्थाने काहीच मागितले नाही. हे मला त्याच वेळी खटकायला हवे होते. नाही खटकले.

त्या दिवशी बाजार असल्याने पटेल परतवाड्यातच होता. शिपाई त्याला घेऊन आला. पन्नाशीचा, सडपातळ, डोक्याला मळकट फडके. मी खुर्चीवर, तो खाली उकिडवा.

"डबे तूच भरलेस?"

"मीच भरले."

"गाडीवर तूच आणलेस?"

"मीच आनले."

"तेल खराब निघालं. चूक कोणाची?"

तो उठून उभा राहिला. फडके काढून हातात घेतले आणि म्हणाला, "माही."

एवढ्यावर मी कागद पुरा केला. सर्कल इन्स्पेक्टरसाहेबांना कळवले तेव्हा तेही खूश झाले. "उद्या सकाळी मॅजिस्ट्रेटपुढे उभा करा आणि कबुली नोंदवून घ्या. सरळ काम आहे," ते म्हणाले. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. मॅजिस्ट्रेटपुढची चालते आणि माणसाला तुरुंगात घालते. शिवाय परवान्याच्या अटीच अशा होत्या, की पटेल दोषी ठरला तर भट्टी गावाची राहणार नव्हती. तिखाडी फुलोऱ्यावर असते ते थोडेच दिवस. भट्टी थंड पडली तर गावाचे साल बुडणार, आणि पुढच्या साली ठेकेदार पुन्हा भट्टीवर बसणार.

माझे जमादार वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, धर्माने मुसलमान, जन्म परतवाड्यातला. डोंगरातली सगळी गावे त्यांच्या पायाखालची. त्यांनी माझा कागद वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"साहेब, ये आदमी तो पानी नहीं बरसा उसका गुनाह भी कबूल करेगा."

"म्हणजे?"

"त्यायच्या गावात कायबी बिघडलं तं पटेल पहिले उभा राह्यते, म्हनते माही चूक. मंग पंच दंड सांगतेत, बकरा कापतेत, सगळे जेवतेत, आन गोष्ट मिटते. कोनं केलं ते मंग निवांत काढतेत. ह्यो इथं त्याच हिशोबानं बसला आहे. विचारा त्याले."

मी कोठडीपाशी गेलो. पटेलाने मान वर केली आणि खरोखरच विचारले, "साहेब, बकरा सांगा ना. संध्याकाळपोत गावाले जाच लागते मले. भट्टी लागून राह्यली."

हा माणूस उद्या कोर्टात उभा राहील, फडके हातात घेईल आणि हेच म्हणेल. मॅजिस्ट्रेट लिहून घेईल. मग त्याला सोडवणे ना माझ्या हातात, ना कुणाच्या. आणि हे सगळे मी केले होते. त्याने तेलात काही घातले का, हे मी त्याला एकदाही विचारले नव्हते. चूक कोणाची, एवढेच विचारले होते.

तेव्हा विचारले. "तू भुईमुगाचं तेल मिसळलंस?"

"नाही."

"बाजारातून नेलंस?"

"नाही. आमाले मोहाच्या टोळीचं, बियायचं तेल असते. दुसरं काहून घीन?"

"डबे वाटेत कुठे ठेवले होते?"

"इथंच. ठेकेदाराच्या कोठ्यात. अमरावतीची मोटर दुसऱ्या दिवशी होती. उन्हानं तेल उडते, त्याच्या कोठ्यात सावली आहे. वीस वरीस तिथंच टाकलं तेल आमी. जागा वळखीची."

ज्याची भट्टी हातून गेली, त्याच्याच कोठीत पटेलाने माल ठेवला होता आणि निवांत बाहेर पडला होता. मला राग आला. त्याचा आला की माझा, ते आजही सांगता येणार नाही.

चार वाजून गेले होते. दोन पंच बोलावले, सातही डबे ओसरीत मांडले आणि पटेलाला कोठडीतून बाहेर आणले. डब्यांच्या तोंडाला लाकडी बूच आणि त्यावर वाळलेल्या पिठाचा लेप होता. सकाळच्या पंचनाम्यात मी 'तोंडे पिठाने बंद' एवढेच लिहून मोकळा झालो होतो. पटेलाने पहिल्या डब्यावरचा लेप नखाने खरवडला आणि चक्क तोंडात टाकला. चघळला. मान हलवली. दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी थांबला आणि थुंकला.

"हे गहू आहे."

"मग?"

"आमी उडीद लावतो, साहेब. भट्टीच्या झाकनालेबी आन डब्यालेबी. उडीद वाळला का दगड होते, वाफ जाऊ देत नाही. गहू चिरते." मग माझ्याकडे असे पाहिले की मीच अडाणी ठरलो. "आन गहू आमच्याइथं कोनाच्या घरी आहे? कुटकी खातो आमी. गहू का डब्याले फासाले आनीन?"

तीन डबे उडदाचे निघाले, चार गव्हाचे. व्यापाऱ्याने फोडलेले दोन्ही गव्हातले. पंचांसमक्ष बाकीचे उघडले आणि प्रत्येकाचा थेंब कागदावर टाकला. कागद वाळेपर्यंतचा तो तास मला फार जड गेला. जमादार विडी ओढत होते, मी येरझारा घालत होतो. ज्याच्या गळ्याशी आले होते तो पटेल मात्र खांबाला टेकून डुलकी काढत होता. उडदाच्या तीन कागदांवर काही राहिले नाही. गव्हाच्या दोन्हींवर डाग राहिला.

आता ठेकेदाराची कोठी. दिवस मावळायच्या आत झडती उरकायला हवी होती, कारण आम्ही डबे उघडल्याची बातमी बाजारात पोचायला वेळ लागणार नव्हता. मुनीम दारातच उभा होता. "काही नाही साहेब, नुसती सरकी आहे," तो म्हणाला. पण तिखाडीचा तो गोड वास पोत्यांमागे ठेवला म्हणून लपत नाही. सरकीच्या पोत्यांआड दोन मोठे घडे निघाले, काठोकाठ तेलाने भरलेले. त्या साली ठेकेदाराची भट्टीच नव्हती, मग हे तेल त्याने कुठून आणले? जमादारांनी मुनिमाला एवढेच विचारले. मुनीम खाली बसला आणि मालकाचे नाव घेऊन मोकळा झाला. भुईमुगाचे तेल मुनिमानेच आणले होते. कणीक त्याच्याच घरची होती.

सकाळी एलिचपूरला कोर्टात मी नवा पंचनामा आणि मुनिमाची जबानी पुढे ठेवली. वाटेत पटेलाला दहा वेळा बजावले होते की विचारतील तेवढेच बोल. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारले, "तुला काही सांगायचं आहे?" पटेल उभा राहिला, फडके हातात घेतले आणि म्हणाला, "डबे मीच ठेवले तिथं. चूक माही."

साहेबांनी टाक शाईत बुडवला. मी परवानगी मागून जमादारांना गावची रीत सांगायला पुढे केले आणि साहेबांना विनंती केली की चूक विचारू नये, काय केले ते विचारावे. साहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी विचारले.

"तेलात काही मिसळलंस?"

"नाही."

"लेप फोडलास?"

"नाही. लेप माहाच होता ना."

टाक खाली ठेवला गेला. पटेल सुटला. बाहेर आल्यावर त्याने जमादारांना विचारले, "मंग आता बकरा ठेकेदार देईन का?" जमादार हसता हसता खोकू लागले. मला हसू आले नाही.

नोकरीत मी पुष्कळ नाकबूल करणारे पाहिले. नाही म्हणणाऱ्याला आपण चार प्रश्न जास्त विचारतो. हो म्हणणाऱ्यापाशी आपली लेखणी धावत सुटते, आणि धोका तिथेच असतो. त्या दिवसानंतर मी कुठल्याही जबानीत 'चूक कोणाची' हा प्रश्न पहिला विचारला नाही. पण या प्रकरणातून शिकलेला मी एकटाच नव्हतो.

पुढच्या साली दौऱ्यावर असताना त्या गावात गेलो. भट्टी पेटलेली होती. बायका गवताच्या पेंढ्या आणून टाकत होत्या आणि वास अर्ध्या कोसावरून येत होता. अमरावतीचा तो व्यापारी पुन्हा तेल घेऊ लागला होता. पटेलाने मला एक नवी लोखंडी पेटी दाखवली, डबे ठेवण्यासाठी घेतलेली. तिला हाताएवढे कुलूप होते. त्या गावातले ते पहिलेच.

"गाडीवाल्याजवळ किल्ली असते?" मी विचारले.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "पेटी गाडीवर जाते. किल्ली बायको घेऊन पायी जाते, दुसऱ्या वाटेनं."