काचेपलीकडच्या काकू

"कधी गेल्या?"

काउंटरपाशी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी फ्रेमवाल्याला हळूच विचारलं. हळूच म्हणजे मला नीट ऐकू येईल इतकं. ते स्वतः मुलाचं पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करायला आले होते, पण दुसऱ्याच्या दुःखात डोकावायला त्यांना भरपूर वेळ होता. फ्रेमवाल्याच्या हातात मी काढलेला बारा बाय अठराचा फोटो होता. साठीच्या एक काकू बंद खिडकीच्या काचेमागे उभ्या आहेत आणि कुठेतरी लांब बघताहेत. त्या काकू त्या वेळी, माझ्या अंदाजाने, आमच्या सोसायटीच्या गेटवर भाजीवाल्याला मेथीची जुडी उलटी करून दाखवत असणार.

"कधी, ताई?" फ्रेमवाल्याने मला विचारलं.

'त्या जिवंत आहेत' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी इंग्रजी शाळेत शिकले असले तरी तीन मराठी शब्द मला येतात. पण मी नुसती मान हलवली. कोणत्या दिशेला, ते मलाही सांगता येणार नाही.

"आत्ताच, अलीकडे," फ्रेमवाल्याने त्या गृहस्थांना समजावलं.

"डोळे अगदी यांच्यासारखे," गृहस्थ माझ्याकडे बघत म्हणाले. काकू माझ्या कुणीही लागत नाहीत.

दोष त्यांचा नव्हता. आपल्याकडे जिवंत बाईचा एकटीचा फोटो एवढा मोठा करतं कोण? जिवंत बायका ग्रुप फोटोत कडेला उभ्या असतात, बहुतेक वेळा अर्ध्या कापलेल्या. काचेची फ्रेम मिळवायची तर आधी मरावं लागतं. फ्रेमवाल्याने सोनेरी पट्टी निवडली, मागे खिळे ठोकले, आणि मी पाकीट काढेपर्यंत चंदनाच्या पातळ कात्रणांचा हार वर लावून स्टेपल केलासुद्धा. "हार आमच्याकडून," तो म्हणाला. मी "थँक यू" म्हणाले. दुकानात माझं तेवढंच बोलणं झालं.

माझ्याबद्दल नातेवाइकांचं मत असं आहे की मला मराठी समजत नाही. माझ्यासमोरच ते आईला विचारतात, "हिला कळतं का गं आपण बोलतो ते?" मला सगळं कळतं. मी बोलत नाही, एवढंच. बोलण्याऐवजी मी फोटो काढते, तेही मध्ये काहीतरी असेल तर. भांडी बाजारातल्या तांब्याच्या हंड्यात वाकडातिकडा झालेला गिऱ्हाइकाचा चेहरा, रिक्षाच्या आरशातले चालकाचे डोळे, सिटी बसच्या खिडकीला टेकून झोपलेली कॉलेजची मुलगी. माणसं मला मनापासून आवडतात. त्यांच्या नि माझ्यामध्ये काच असली तर फारच. काचेतून फोटो काढायचा तर लेन्स काचेला चिकटवावी लागते आणि अंगात काळं घालावं लागतं, म्हणजे आपलं प्रतिबिंब मध्ये येत नाही. म्हणून माझ्याकडे सात काळे टी-शर्ट आहेत. "संक्रांत वर्षभर चालते का गं तुझी?" असं मावशी विचारते.

शहरातल्या एका छायाचित्रकार मंडळाने यंदाच्या प्रदर्शनासाठी काकूंचा फोटो निवडला. निवड समितीत तीन पुरुष होते आणि तिघांच्याही जाकिटांना मोजता येणार नाहीत इतके खिसे होते. "काय एकटेपण पकडलंय!" पहिला म्हणाला. "ही बाई आयुष्यभर कुणाची तरी वाट बघते आहे," दुसरा म्हणाला. तिसऱ्याने तिथल्या तिथे नाव ठेवलं, 'प्रतीक्षा'. खिडकीत बाई उभी असली की मंडळ तिला 'प्रतीक्षा' म्हणतं; दारात असली तर 'उंबरठा'. मला विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? काकू समोरच्या इमारतीत राहतात आणि अकरा वर्षांत मी त्यांच्याशी एक वाक्यही बोललेले नाही, एवढीच माझी माहिती.

अडचण एकच होती. शनिवारपर्यंत फ्रेम केलेला फोटो आणि फोटोतल्या व्यक्तीची सही असलेलं संमतीपत्र जमा करायचं होतं. सही नसेल तर फोटो लागणार नव्हता. भिंतीवर लागणारा हा माझा पहिलाच फोटो होता. दोन कामांपैकी मी सोपं आधी केलं.

फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून रिक्षाने घरी आले. हार घरी जाऊन उपटायचा असं ठरवलं होतं. गेटमधून आत शिरले तर पार्किंगमध्ये काकूच उभ्या, मोकळ्या जागेच्या बरोबर मधोमध, दोन्ही हात कमरेवर.

"चंदनाचा वास कुठून येतोय?" त्यांनी नाक वर केलं, मग माझ्या हातातला चौकोन बघितला. "अगं बाई! कोण गेलं तुमच्याकडे?"

मी फ्रेम छातीशी घट्ट धरली. त्यांना ते दुःख वाटलं असावं, कारण त्या पुढे आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या हाताने हळूच कागद बाजूला केला.

त्यांनी आधी हार चाचपला, मग फोटोतला चेहरा बघितला.

"मी मेले," काकू शेवटी म्हणाल्या, "आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही."

मी पर्समधून संमतीपत्र काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि ते पहिल्या ओळीपासून वाचलं. इतकं नीट ते मंडळाच्या अध्यक्षांनीही वाचलं नसेल.

"प्रतीक्षा? कुणाची?"

मी खांदे उडवले.

"अगं, तो तळमजल्यावरचा रोज दुपारी माझ्या जागेत गाडी लावतो. तो आला की वरून ओरडायचं, म्हणून उभी असते मी तिथे. याला प्रतीक्षा म्हणतात होय? ह्यांना म्हणावं, एकदा पार्किंग वाटपाच्या मीटिंगला येऊन बसा." मग फोटोवर वाकून, "पुढून केस किती गेलेत बघ. आणि हे काय गं, काचेत काळं?"

त्यांच्या खिडकीच्या काचेत आमची इमारत उमटली होती. आमची बाल्कनी, वाळत घातलेले टॉवेल, आणि टॉवेलांच्या मध्ये एक काळा ठिपका. मी त्या ठिपक्याकडे बोट केलं आणि मग स्वतःकडे.

"ही तू? मला वाटायचं तुमच्याकडे छत्री वाळत घालतात." त्या हसल्या. मोठ्याने, मान मागे टाकून. "पेन आण."

मी पेन दिलं. त्यांनी संमतीपत्र फ्रेमवर, स्वतःच्याच चेहऱ्यावर ठेवलं आणि नावाचं पहिलं अक्षर काढलं. मग पेन थांबलं.

"एक सांग. एवढा एकच आहे ना? चुकून काढलेला? एक असेल तर गंमत आहे, लाव बाई. पण कुणी रोज बघत असेल, तर ते मला नाही चालायचं. मी तिथे एकटी आहे असं समजून उभी असते."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पेनचं टोक कागदावरच होतं, पुढची अक्षरं त्यांनी आपोआप काढली असती, आणि रविवारी प्रदर्शनात तीन जाकिटांनी माझ्या फोटोसमोर उभं राहून उसासे टाकले असते. लॅपटॉपमध्ये 'समोर' नावाचं फोल्डर आहे, ते त्यांना कधीच कळलं नसतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या हनुवटीवर टाक्यांचा जुना व्रण आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. एवढी महागाची लेन्स, तिलाही तो कधी दिसला नव्हता.

"नाही काकू," मी म्हणाले. "सत्तेचाळीस आहेत. घरी या, सगळे दाखवते. जे नको असतील ते तुमच्यासमोर डिलीट करते. हासुद्धा."