एलोमचा होकार

अब्लावीचं दुकान म्हणजे तिचा गळा. लोमे शहराच्या मोठ्या बाजारातली जागा तिने केव्हाच सोडली होती, भाडं परवडेना. आता कापड खाटेखालच्या पेट्यांत आणि गिऱ्हाईक फोनमध्ये. आतल्या गावांतल्या बायकांना वाचता येत नाही, म्हणून फोटोखाली लिहिण्याऐवजी ती व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून निरोप पाठवायची. नवा छाप आला की त्याला नाव ठेवायची, कारण बिननावाचं कापड तिकडे कोणी अंगाला लावत नाही.

"ऐका गं बायांनो, ह्याचं नाव 'सासू झोपली'! नेसा, चपला हातात घ्या आणि निघा!"

असं ती बोलली की नोत्सेपासून अताक्पामेपर्यंत बायका हसायच्या आणि सहा-सहा वार मागवायच्या. कापड टॅक्सीवाल्याच्या हाती जायचं, पैसे फोनवर यायचे. नवरा कामासाठी परदेशी, लिब्रेव्हिलला गेला तो तिकडचाच झाला. पण ह्या गळ्याच्या जोरावर तिने एकुलत्या लेकीला, एलोमला, कॉलेजपर्यंत पोचवलं.

तोच गळा बसला. आत गाठ निघाली. ती काढली आणि डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर चकार शब्द नाही, कुजबुजही नाही; बोललात तर आवाज कायमचा गेला समजा.

अब्लावीला आवाजापेक्षा एलोमची धास्ती पडली. लहानपणापासून पोरीची जीभ अडखळायची. शब्द ओठांशी यायचा आणि तिथेच रुतून बसायचा. मानेच्या शिरा ताणल्या जायच्या. आईला ते बघवत नसे, म्हणून लेकीचा शब्द तीच पुरा करायची. शाळेत, चर्चमध्ये, पावाच्या दुकानात. आता तिच्याच तोंडाला कुलूप लागलं होतं, आणि धंदा एलोमच्या हाती होता.

एलोम स्वयंपाकघराचं दार लावून निरोप रेकॉर्ड करायची, पुसायची, पुन्हा करायची. एखादा नीट निघाला की तोच पाठवायची. बाहेर खाटेवर अब्लावी कान देऊन बसायची. असं काही दिवस कसंबसं निभलं.

मग अफेफाचा फोन आला. नोत्सेच्या बाजारात कापड विकणारी ही बाई म्हणजे अब्लावीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तिला निरोपबिरोप मानवत नसत, थेट बोलायला लागायचं. सण तोंडावर आला होता आणि तिच्या मंडळातल्या साऱ्या बायकांना एकाच छापाचं कापड हवं होतं. ही मागणी हातची गेली, तर पलीकडच्या गल्लीतली कापडवाली टपलेलीच होती. आईला ऐकू यावं म्हणून एलोमने फोनचा स्पीकर लावला.

"अब्लावी कुठंय? मेली की काय?"

"ब-बरी आहे, मावशी. ति-तिला बोलायची बंदी आहे."

"गावाची सुटका झाली म्हणायची! मग तूच बोल. 'सासू झोपली'चे सहा वारी चाळीस तुकडे पाठव. तुकडा आठ हजार फ्रँकनं लाव."

"न-नऊ."

"नऊ? कापड आहे की सोनं? साडेआठ. देतेस की ठेवू फोन?"

एलोमने आईकडे पाहिलं. आईने जोरजोरात मान हलवली, दे, दे! एलोमने तोंड उघडलं. 'हो' आला आणि अडकला. ओठ थरथरले, शिरा ताणल्या. अब्लावीच्या गळ्यातून तिचा स्वतःचा 'हो' वर चढत होता. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"गप्प का बसलीस?" अफेफा म्हणाली. "बरं बाई, पावणेनऊ."

'हो' अजून तिथेच होता.

"ए, आईच्या वरताण आहेस गं तू! घे तुझे नऊ!"

"हो!" एलोमच्या तोंडून सुटलं. अब्लावीचे डोळे विस्फारले. पण पोरगी पुढे बोलूच लागली. "मावशी, मी सा-साडेआठलाच हो म्हणत होते. शब्द अ-अडकला. साडेआठच द्या."

अब्लावीने कपाळावर हात मारून घेतला. पलीकडे अफेफा ठसका लागेपर्यंत हसली.

"जन्म गेला माझा बाजारात! गप्प राहून लुटणारी पहिलीच भेटली, आणि लुटलेलं परत करणारीही! आईनं तुला इतके दिवस लपवून का ठेवलं गं?"

"ल-लपवलं नाही, मावशी. तिला माझं अ-अडखळणं बघवत नाही."

अब्लावीने हे ऐकलं. ते खरं होतं, आणि पोरीच्या सुरात कुठेही रुसवा नव्हता.

"मग तिला म्हणावं, दुसरीकडे बघ," अफेफा म्हणाली. "आता कुठकुठले रंग आहेत ते सांग. सावकाश. मी शेंगा सोलत बसलेय, मला कसली घाई!"

अब्लावी उठली. खाटेखालची पेटी ओढून ती लेकीकडे पाठ करून बसली आणि कापडं काढू लागली. मागे एलोम पहिल्याच रंगावर अडकली होती. तो निळा होता, अब्लावीला ठाऊक होतं. तिने वळून पाहिलं नाही. हातातली घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.