शिवरात्रीचा मोहोर

मला वाटलं होतं, परदेशात शिकून मुळशीत परतले की आंब्याची झाडं निदान ओळख तरी दाखवतील. आल्यावर दिसलं काय, तर बागेच्या तिन्ही बाजूंना प्लॉटिंगचे फलक आणि माझ्या सहीची वाट बघत बसलेले काका. बाबा गेल्यावर त्यांचा हिस्सा माझ्या नावावर आला होता. माझ्या सहीशिवाय बाग विकता येईना.

पुढे मी जे केलं त्याला हसायचं असेल तर हसा, पण हातातला चहा सांभाळून.

"काका, एक मोहोर मला द्या," मी म्हटलं. "औषध मारायचं नाही. फळ धरलं तर बाग ठेवायची. नाहीच धरलं तर मी सही करते."

"बोललीस हां," काका म्हणाले.

माझी योजना साधी होती. फुलांवर मुळातच काही चांगले सूक्ष्मजीव राहतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो ना, तसे ते फुलावर जागा धरतात. मग मोहोर काळा पाडणाऱ्या करप्याच्या बुरशीला बसायला जागाच उरत नाही. आमच्या बांधावरचं एक झाड दरवर्षी निरोगी असायचं. म्हणजे हे पहारेकरी त्याच्याच फुलांवर असणार, नाही का? मी त्याचा मोहोर खुडला, पाण्यात धुतला आणि ते पाणी गूळ घालून काकूच्या इडलीच्या पिठाच्या बरणीत ठेवलं.

"ह्ये काय फसफसतंय गं?" काकांनी विचारलं.

"मित्रजीव आहेत, काका."

"मंग च्या टाकू का त्यांना?"

"हसू नका," काकू म्हणाली. "पोरगी लांबून शिकून आलीया."

त्याच पाण्याने सगळी बाग मी स्वतः फवारली. मग आभाळ आलं, धुकं पडलं आणि बघता बघता मोहोर काळा पडून गळाला. बांधावरचं झाड मात्र तसंच डौलात.

मी त्याच्याखाली बसून त्याचा मोहोर निरखत होते. तेवढ्यात शेजारचे रशीदचाचा पाठीवर पंप घेऊन आले आणि त्याच झाडावर औषध मारू लागले.

"चाचा, हे काय करताय?"

"दरसाली मारतोय की. बांधावरचं झाड, निम्मं तुमचं, निम्मं आमचं. तुझा बाप न् मी पाळीनं मारायचो. आता त्यो न्हाई, तर मीच मारतो."

"मी मोहोर खुडताना तुम्ही बघितलं होतंत ना?"

"व्हय. म्हटलं, शिवरात्रीला म्हादेवाला वाहायला नेतीय. म्हणून मंग आनखी जपून मारलं. देवाचा मोहोर, त्याला डाग नको."

म्हणजे माझे पहारेकरी चाचांच्या पंपात होते. बरणीत जे फसफसलं, ते बहुधा काकूच्या इडलीच्या पिठाचे पाहुणे. कल्पना खोटी नव्हती, आजही नाही. मी फुलाफुलाची चौकशी केली, फक्त शेजाऱ्याची केली नाही.

जेवताना काका नुसती भाजी वाढत राहिले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

सकाळी ते मोटारसायकल पुसत होते.

"काका, पौडला रजिस्ट्रारकडे जाऊ. सही करते."

"घाई न्हाई. फुडल्या साली परत बघ हवं तर."

मोहोर डोळ्यांदेखत काळा पडत असताना या माणसाने पंपाला हात लावला नव्हता. त्यांनी शब्द पाळला होता, आता मला माझा पाळायचा होता. मी मागे बसले. माझ्या हातचं त्या बागेला लागू पडणार होतं ते एवढंच, एक सही.