साडूंचे सात सदरे

माणसांपेक्षा बुजगावण्यांत ज्याची ऊठबस जास्त, असा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. मुरुडला जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. सरकारी कागदात त्यांना 'व्रणोपचारक' म्हणत. तो शब्द कुणाच्या तोंडात बसेना म्हणून गावाने त्यांना सरळ डॉक्टर करून टाकले होते. घरी आलेल्या पाहुण्याची खुर्ची ते थोड्या थोड्या वेळाने वीतभर सरकवत. "एका जागी ऱ्हायलं की बगणाऱ्याला भ्या वाटंना होतंय," हे कारण. लग्नात अक्षता पडेपर्यंत हात पसरून, पापणी न हलवता उभे राहत. वरपक्षाला वाटे, झटका आला. सदरा मात्र महिना महिना धुऊ देत नसत. माझ्या मेहुणीने एकदा तो चोरून धुतला, तर हे दोन दिवस जेवले नाहीत. घाम वाया गेला म्हणाले.

हे सारे लांडग्यांसाठी होते. तेव्हा लातूर जिल्हा नवाच झाला होता. फायली ट्रकने आल्या. पाऊस कुठल्या फायलीत राहिला ते कुणाला सापडले नाही. माळावरचे ससे संपले, हरणे दिसेनाशी झाली आणि भागूबाईच्या चाळीस मेंढरांभोवती एक लांडगीण फिरू लागली. भागूबाईचा नवरा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला. ही मेंढरे म्हणजेच तिचा संसार. दोन कोकरे गेली तेव्हा तिच्या दिराने सांगून टाकले, की आणखी एकाला धक्का लागला तर टेकडीतल्या तिच्या बिळात धूर घालायचा. आदल्या वर्षी त्याने तसाच धूर घालून तिची चार पिल्ले मारली होती. यंदाही बिळात पिल्ले होती. साडूंनी ती पाहिली होती. "दोघींचं बी जगलं पायजे," एवढेच म्हणून ते कामाला लागले.

दुष्काळात मेलेली जनावरे ते टेकडीपलीकडे, बिळाच्या अंगाला ओढून टाकू लागले. मग नव्या जिल्ह्याच्या समारंभातल्या पताका आणल्या. पाहुणे गेले होते, भाषणे विरली होती, पताका तेवढ्या उरल्या होत्या. दोरीला बांधून त्या मेंढरे कोंडायच्या जाळीभोवती फडफडत ठेवल्या. लांडगीण आठवडाभर दोरी ओलांडेना. नव्या जिल्ह्याचा इतका धाक दुसऱ्या कुणी घेतल्याचे मला आठवत नाही. पुढे तिलाही सवय झाली. तेव्हा साडूंनी सात बुजगावणी उभी केली, सातही जणांच्या अंगात स्वतःचे घामट सदरे, आणि रोज त्यांच्या जागा बदलू लागले.

एकदा दिवस मावळताना मी बघायला गेलो. वारा पडला होता. मेंढरे एकमेकांत तोंडे खुपसून गप्प होती. मी सहज बुजगावणी मोजली. आठ भरली. पुन्हा मोजली, आठच. मागे फिरणार तोच त्यातले एक ओठ न हलवता बोलले.

"साडूभाऊ, हलू नका. ती यायलीय."

ती सावकाश आली. एकेका बुजगावण्याला हुंगत साडूंपाशी पोहोचली, त्यांची पसरलेली बोटे हुंगली आणि खांबाला बगल द्यावी तशी पुढे जाऊन तिने जाळीखाली मान घातली. कोकरू ओरडल्यावर साडू भानावर आले आणि पत्र्याचा डबा बडवू लागले. कोकरू टाकून ती निघाली. पळाली नाही, चालत गेली.

डब्याच्या आवाजाने भागूबाई आणि तिचा दीर धावत आले. कोकराचा कान फाटला होता. भागूबाई त्याला पोटाशी धरून बसली आणि दीर धुरासाठी गोवऱ्या गोळा करायला उठला. साडू आपल्या बोटांकडे बघत होते.

"सात जणाला हुंगलं, एकानं बी मारलं न्हाई," ते म्हणाले. "आठवा बी तसलाच वाटला तिला." मग दिरापुढे जाऊन उभे राहिले. "गोवऱ्या ऱ्हाऊ द्या. अंगातला सदरा द्या."

"माझा? कशापायी?"

"गेल्या साली धूर कुणी घातला, ते तिच्या ध्यानात आसंल."

दिराने एकदा टेकडीकडे बघितले. भागूबाई मान वर न करता म्हणाली, "द्या की भावजी. तुमी न्हाई तर तुमचा सदरा तरी मेंढरं राखंल."

दीर उघडाच घरी गेला. दुसऱ्या संध्याकाळी लांडगीण माळाच्या कडेपर्यंत आली, तिने नाक वर केले, आणि तिच्या मानेवरचे केस उभे राहिलेले मला एवढ्या लांबून दिसले. ती एकदाच ओरडली. ते ओरडणे कोल्ह्याकुत्र्याचे नव्हते. गेलेल्याला हाक मारावी तसे होते. दीरही ऐकत होता. ती परत फिरली, त्या हंगामात पुन्हा आली नाही. दीर मात्र दर आठवड्याला ताजा सदरा आणून देऊ लागला आणि लांडगीण आपल्याला कशी थरथर कापते हे हॉटेलात सांगू लागला. धुराचा विषय मागे पडला. नव्या जिल्ह्यात शाल-नारळाचे पुष्कळ सत्कार मी पाहिले. इतका उपयोगी मान दुसऱ्या कुणाला मिळाला नाही.

पुढे कैक वर्षे साडू बुजगावणी सरकवत राहिले. गेल्या साली ते वारले. परवा मी माळावर गेलो तेव्हा सातांतले एकच बुजगावणे उरले होते, अंगात त्यांचाच सदरा. पायथ्याशी माती गोल खचली होती. अंगाचे वेटोळे करून कुणी निजत असावे तशी. तिथे राखाडी केस होते.

"पडून ऱ्हाती हितं कवा कवा," भागूबाई म्हणाली. "ती न्हाई आता. तिचीच कुणी लेक आसंल."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी साडूंची आठवण म्हणून बुजगावणे वीतभर सरकवावे, म्हणून मी हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आता तिला भ्या दावायचं न्हाई."

मी हात मागे घेतला. वर्षभर ऊनपाऊस खाल्लेला तो सदरा. पण बोटांना घामाचा वास ताजा येत होता.