खाणीसाठी आलेली जीप

परवा एका गॅरेजच्या दारात उन्हाने तापलेल्या ताडपत्रीचा वास आला आणि मी थेट मद्रासच्या एग्मोरमधल्या आमच्या जुन्या ऑफिसच्या अंगणात जाऊन पोचलो. तेव्हा मी तिथे नवा कारकून होतो. सेलमकडच्या खाणीसाठी आलेली, चारही चाकांच्या जोरावर डोंगर चढणारी जीप त्या अंगणात महिनोन्महिने उभी होती. संध्याकाळी ती मॅनेजरसाहेबांच्या कुटुंबाला समुद्रावर हवा खायला नेई. तिच्या चाकांना चिखल ठाऊक नव्हता.

नवरात्रात यंत्रा-हत्यारांच्या आयुधपूजेच्या दिवशी आम्ही तिला चंदन लावून झेंडूचा हार घालत होतो, तेवढ्यात खाणीवरचे मुकादम गोविंदराव आले. आमच्यासारखेच तंजावरकडचे मराठी. खाणीत एका मजुराचा पाय दगडाखाली चिरडला होता. बैलगाडीने इस्पितळ गाठेपर्यंत दिवस मावळला आणि पाय कापावा लागला.

“आता तरी गाडी द्या, सार,” ते म्हणाले.

साहेबांनी बॉनेटवरची धूळ रुमालाने हळुवार टिपली. “अहो राव, तिकडचे रस्ते कसले आहेत! नवी गाडी खिळखिळी होऊन जाईल.”

“मग मजुरांनाच इकडे आणून ठेवू का, सार? इथले रस्ते बरे आहेत.”

कुणी हसले नाही. साहेबांनी खूण केली तसे मी गोविंदरावांच्या हातावर प्रसादाचे सुंडल, खोबरे घातलेले उकडलेले हरभरे, ठेवले. तेव्हा मला तो माणूस उद्धट वाटला होता. आज त्या अंगणातल्या साऱ्या सभ्यपणाची किळस येते, आणि त्यात माझाही मृदू आवाज स्पष्ट ऐकू येतो: “घ्या हो, गरम आहे.”