राणीला बोलती करायला कोल्हापूरला

मी शाळकरी मुलांसाठी राण्यांच्या लहानपणावर ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिते. तिसरी कादंबरी कोल्हापूरच्या एका राणीची, ती तेरा वर्षांची असतानाची. लिहून झाल्यावर पहिल्यांदा वाचायला दिली माझ्या लेकीला, मुक्ताला. तीही तेराचीच. चौथ्या पानावर तिने बाड मिटलं. "आई, ही मुलगी आहे की पंधरा ऑगस्टचं भाषण?"

राग आला, खोटं कशाला बोलू? पण माझी वाचक तीच. तिनेच मिटलेली कादंबरी छापून करायचं काय? शनिवारी पहाटे तिला गाडीत घातलं आणि पुण्याहून निघालो. राणीला बोलती केल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवूनच.

साताऱ्याच्या पुढे हायवेची कामं चालू आहेत, वेळ हाताशी ठेवूनच निघा. शाहूपुरीत स्टँडजवळ लॉज घेतलं. दर माफक, गरम पाणी फक्त सकाळी. मिसळीबरोबर पावाचा आग्रह धरू नका, इथे ब्रेडचे स्लाइस येतात. मुक्ताने हौसेने कट दुसऱ्यांदा मागितला आणि मग बराच वेळ नाक पुसत बसली.

संध्याकाळी एका जुन्या तालमीत गेलो. तिथे मुली मर्दानी खेळ शिकतात, लाठी, तलवार, पट्टा. माझी राणी पट्टा फिरवते, तेव्हा हात नेमका कसा वळतो ते मला बघायचं होतं. शिकवणारे वस्ताद दारातूनच गरजले, "या पावणं! जरा लांब बसा. पट्ट्याला वळख कळत न्हाय."

हात बघून झाला. निघता निघता सानिका नावाची एक मुलगी घाम पुसत वस्तादांकडे आली. "वस्ताद, उद्या मी येत न्हाय. कागलला मामाकडं जातो."

"जाते म्हण ना!" मुक्ताच्या तोंडून निघून गेलं. मी तिला कोपर मारलं, पण उशीर झाला होता.

सानिकाने लाठी जमिनीवर टेकवली. "का? जातो म्हटलं तर कागल येत न्हाय व्हय?"

वस्ताद खो खो हसले. "हितल्या पोरी अशाच बोलत्यात की. हिची आज्जीबी 'आलो' म्हणती."

मुक्ताही हसली, आणि दोघी तिथेच गप्पा मारत बसल्या. मी मात्र माझं तेच चौथं पान आठवत होते. त्यात राणी म्हणते, "पिताजी, आज्ञा असावी, मी अश्वारूढ होते." असं कुठलं पोर बोलतं?

रविवारी पन्हाळा. स्टँडवरून एसटी मिळते, आम्ही गाडीनेच गेलो. पाणी आणि टोपी न्या, वर ऊन लागतं. झुणका-भाकर आणि खर्डा खाऊन तटाजवळ बसलो आणि मी ते वाक्य मोठ्याने बोलून पाहिलं. "आबा, मी घोड्यावर बसतो."

"बसतो की!" मुक्ता म्हणाली. "आता कशी हट्टी वाटते."

त्या काळी ती नेमकी कशी बोलायची, हे मला ठाऊक नाही. पण माझ्यासारखी बोलत नव्हती, एवढं नक्की. घरी येऊन तिचं सगळं बोलणं पुन्हा लिहिलं. मुद्रितं आली, तर तपासनीसांनी एकूण एक 'बसतो', 'जातो' लाल शाईने 'बसते', 'जाते' करून ठेवलेले. प्रकाशकांचा फोन, "अहो, लोक छापण्यातली चूक समजतील." समजू देत, म्हटलं, पण एकही काना हलणार नाही. माझी चिडचिड ऐकून त्यांनी शेवटी मान्य केलं.

परवा पुस्तक आलं. पहिली प्रत मुक्ताने पळवली आणि खोलीत जाऊन बसली. मी पानं वाढली, हाक मारली. आमटी निवत चालली, म्हणून पुन्हा ओरडले.

आतून आवाज आला, "आलो की, आई! एवढं पान संपवतो."