निम्मं निळं

इस्माईलभाईंचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर अमिबा काढत होते. एरवी वर्गात फोन वाजला की मी समोरच्याला फाडून खाते, पण त्या आठवड्यात माझाच फोन टेबलावर हजेरीपटाशेजारी पडून असायचा. माझा धाकटा भाऊ उत्तम नांदेडला दवाखान्यात होता आणि माय त्याच्याजवळ होती. अहमदपूरच्या बसस्टँडमागं उत्तमचं इस्त्रीचं दुकान, त्याच्या भिंतीला भिंत लावून इस्माईलभाईंचं शिलाईचं. ते आपलं मशीन बंद ठेवून दोघांचं डबापाणी बघायला नांदेडला थांबले होते. इस्माईलभाईंचा फोन म्हणजे आधी सलाम, मग माझ्या गुडघ्यांची चौकशी, मग काम. त्या दिवशी तसलं काही नाही. "आक्का, तुम्ही निघा लातूरहून," ते म्हणाले. मी म्हटलं, निघतेच, दुपारची गाडी मिळेल. त्यावर ते म्हणाले, "घाई नका करू आता. आरामात या." मला कळलं. फळ्यावरचा अमिबा जिवाणूला गिळायला निघालेला, तो तसाच अर्धवट राहिला.

भेटायला येणारे विचारतात, कशानं गेला? न्युमोनिया, असं मी सांगते आणि चहा टाकायला उठते. खरं तर मला त्यांना धरून बसवायचं असतं. कशानं गेला ते राहू द्या हो, इतकी वर्षं कशावर जगला ते विचारा. आपल्या सगळ्यांच्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांच्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, एनएडीपीएच ऑक्सिडेज त्याचं नाव. हे माझ्या भावाच्या अंगात जन्मापासून तयारच होत नव्हतं. ज्या सूचनेवरून ते तयार होतं, ते सीवायबीबी नावाचं जनुकच बिघडलेलं होतं. एवढंसं काहीतरी, चांगल्यातल्या चांगल्या भिंगालाही दिसणार नाही असं, नव्हतं. आणि ते नसताना तो चाळिशी ओलांडून गेला, दोन तालुक्यांतल्या पुढाऱ्यांचे कपडे कडक करून गेला.

आमचं गाव मुखेड तालुक्यातलं. माझ्या आधी मायला दोन मुलगे झाले, दोन्ही गेले. मानेत गाठी यायच्या, पिकायच्या, फुटायच्या, ताप हटायचा नाही. मग मी झाले. मला काही झालं नाही, त्याचंही लोकांना कौतुक नव्हतंच. बायका मायला पाठीमागं 'पोरं खाणारी' म्हणत, आणि पाठीमागं म्हणजे अगदी ऐकू येईल इतक्याच अंतरावरून. मग उत्तम झाला. वडिलांची आत्या, मथुराआत्या, घरातली कर्ती बाई होती. तिनं बाराव्या दिवशी बाळाला सुपात घातलं आणि घरामागच्या उकंड्यावर, शेणाच्या आणि कुजलेल्या कडब्याच्या ढिगावर, नेऊन ठेवलं. आमच्याकडं ही रीतच आहे. ज्या घरात पोरं जगत नाहीत तिथं नवं पोर उकंड्यावर टाकायचं, शेजारणीनं ते उचलून आणायचं, आणि नावही उकंडाच ठेवायचं. मरणाला वाटावं, हा तर केर आहे, याला नेऊन काय करू? शाळेत उत्तम हे नाव लागलं, पण मायच्या आणि माझ्या तोंडी तो शेवटपर्यंत उकंडाच होता.

तोही आजारी पडू लागला. त्याच गाठी, तोच ताप. आणि दर आजारपणाला मथुराआत्या त्याला कडेवर घेऊन पुन्हा उकंड्यावर जायची, पुन्हा लोळवायची, मरणाला पुन्हा बजावून सांगायची की हा केर आहे. तिच्याइतकी माया त्याच्यावर कुणी केली नसेल. आज विज्ञान शिकवताना हे आठवलं की अंगावर काटा येतो. कुजलेल्या कडब्यात एक बुरशी असते. तुम्ही-आम्ही ती रोज नाकातून ओढतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण ते विकर तिला तिथल्या तिथं मारून टाकतं. अख्ख्या जगात त्या पोराला जिथून लांब ठेवायचं, तीच जागा आम्ही औषध म्हणून निवडली होती. तरी तो दर वेळी कसा परत आला, हे पुढं मोठमोठ्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

तो दुसरीत असताना मात्र दोन्ही फुप्फुसं धरली. नांदेडच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि हैदराबादला न्या म्हणून सांगितलं. वडील बैलजोडी विकायला बाजारात गेले, ते मागून येणार होते, म्हणून माय आणि मी त्याला घेऊन पुढं गेलो. मी तेव्हा दहावीत, हिंदी बोलता येणारी म्हणून माझी वर्णी. महिनाभर वॉर्डात काढल्यावर एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला, त्यावर पिवळं पाणी टाकलं आणि ती काच उबेला ठेवली. त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. पांढरी पेशी जंतूला गिळते. गिळल्यावर तिच्यातलं ते विकर जागं होतं आणि आपण श्वासातून घेतलेल्या प्राणवायूचंच विष बनवून जंतूवर सोडतं. जखमेवर ओततात ते फसफसणारं पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइड, असतं ना, तसलं पाणी प्रत्येक पेशी आपल्या पोटात बनवते. ते बनलं की हा पिवळा रंग निळा होतो. उत्तमच्या काचेवर एकही पेशी निळी झाली नाही. त्यांनी मला भिंगातून बघायला दिलं. पेशी होत्या, चांगल्या गोल, भरपूर होत्या. कोऱ्या होत्या.

मग त्यांनी मायचं रक्त घेतलं. काच लावल्यावर त्या स्वतःच बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग उठून त्यांनी मायला आपल्या स्टुलावर बसवलं. मायनं असलं यंत्र कधी बघितलेलं नव्हतं. आधी दोन्ही डोळे मिटायची, मग दोन्ही उघडायची. शेवटी तिला दिसलं. तिच्या पेशी निम्म्या निळ्या होत्या आणि निम्म्या कोऱ्या. डॉक्टरीणबाई बोलत होत्या आणि मी मराठीत सांगत होते. बाईमाणसाच्या प्रत्येक पेशीत ही सूचना दोन जागी असते, एक आईकडची, एक बापाकडची. प्रत्येक पेशी त्यातली एकच उघडते आणि दुसरी कायमची मिटून ठेवते. मायची एक चांगली, एक बिघडलेली, म्हणून निम्मं निम्मं. मुलाकडं मात्र एकच असते, आईकडून आलेली. तीच बिघडलेली आली तर त्याला दुसरी नाही. मला वाटलं, आता हिला कळणार की हे तिच्याकडूनच आलं, गावातल्या बायका म्हणत होत्या तेच भिंगातून दिसलं. पण मायनं भिंगावरून डोळा काढलाच नाही. तशीच वाकलेली असताना तिनं विचारलं, "ह्यातलं निळं त्याला देता येतंय का?"

मी ते हिंदीत सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "अभी नहीं, अम्मा," त्या म्हणाल्या.

पुढं मी पुस्तकं वाचली, बी.एस्सी. केलं, तेव्हा कळलं की जगभरचे शहाणे लोक त्या एका प्रश्नामागं लागलेले आहेत. निळं त्याला देता येईल का? माझी माय, सही करताना शाई सांडणारी बाई, एका नजरेत तिथं पोचली होती. मला आजही त्या क्षणाचं नवल वाटतं... यंत्राचं वाटतं, विकराचं वाटतं, आणि सगळ्यांत जास्त तिचं वाटतं.

गावी परतल्यावर मायनं मथुराआत्याला सगळं सांगितलं. विकर, जनुक हे काही तिला सांगता येणार नव्हतं. ती एवढंच म्हणाली की मी डोळ्यांनी बघितलं, पोराच्या रक्तात लढणारं न्हाई, त्याला उकंड्याची हवा लागू द्यायची न्हाई. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून आत्या पाटी घेऊन घरामागं उभी. सत्तरी उलटलेली बाई पाटीमागं पाटी डोक्यावर घेऊन तो अख्खा उकंडा गावाबाहेर पांदीच्या वाटेपलीकडं नेऊन टाकत होती. कुणी हात लावायला गेलं की खेकसायची. जागा सारवून झाली तेव्हा तिनं तिथं कपाळ टेकलं. कुणाची माफी मागितली, मरणाची की त्या ढिगाची, मला माहीत नाही.

उत्तमला शेत बंद, गोठा बंद, सोयाबीनच्या मळणीचे दिवस आले की दारं-खिडक्या बंद. रोजच्या गोळ्या जन्मभर. शेतकऱ्याच्या पोरानं मग करायचं काय? त्यानं स्वतःच शोधून काढलं, अहमदपूरला इस्त्रीचं दुकान. "जिथं इस्त्री फिरली तिथं बुरशी कशाची टिकती?" म्हणायचा. माय त्याच्याजवळ राहायला गेली. धोतरांना नीळ घालताना तो एकटाच हसायचा. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "माझं सोडून समद्याचं निळं करून राहिलो." लग्न त्यानं केलं नाही. मला मुलगा झाला तर तो सुटंल, पण मुलगी झाली तर तिच्याकडं हे जाणारच, आणि मग तिच्या लेकरांचं काय, असा त्याचा हिशेब होता. तो त्यानं एकदाच मला सांगितला आणि पुन्हा तो विषय काढू दिला नाही. फळीवर, निळीच्या डब्याशेजारी, फसफसणाऱ्या पाण्याची तपकिरी बाटली कायम असे. जरा कुठं खरचटलं, इस्त्री लागली, की ओत बाटली. "समद्याच्या अंगात फुकट तयार होतंय," गिऱ्हाइकांना सांगायचा, "आपल्याला मेडिकलवरून आणावं लागतंय." गिऱ्हाइकं हसायची. त्यांना वाटायचं, गंमत करून राहिलाय.

दोन वर्षांपूर्वी नांदेडच्या नव्या डॉक्टरांनी सांगितलं की आता इलाज आहे. सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा जुळली तर बघता येईल. मायचा प्रश्न इतक्या वर्षांनी फिरून दारात आला होता. माझं रक्त तपासायला गेलं. ते दिवस मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक, देवालाही सोडलं नाही आणि पुस्तकांनाही. जुळलं नाही. शिवाय आणखी एक निघालं, मी मायसारखीच होते, निम्मी निळी, निम्मी कोरी. मला मूल नाही, म्हणून तोवर कुणी ते बघितलंच नव्हतं. दुकानात जाऊन मी त्याला सांगितलं. सांगताना रडू आवरेना. त्यानं इस्त्री उभी केली, वायर काढली.

"तू रडून राहिलीस व्हय? आगं, जुळलं न्हाई तर न्हाई," तो म्हणाला. "पर तुझ्यात निम्मा मीच हाव की. मी गेलो तरी तितका तर फिरत राहीन लातुरात."

भिंतीपलीकडं इस्माईलभाईंचं मशीन थांबलं होतं. जरा वेळानं ते पुन्हा सुरू झालं.

यंदा मळणी जोरात होती, बाजार समितीपासून स्टँडपर्यंत भुसाची धूळ. त्यानं दुकान बंद ठेवायला हवं होतं, पण लग्नसराईचे कपडे घेऊन ठेवलेले. खोकला लागला आणि या वेळी हटला नाही. शेवटच्या भेटीत त्याच्या नाकाला नळी होती. मला म्हणाला, "आक्का, मरण लई येडं. जन्मभर केर समजलं, आता कुठं वळखलं."

गेल्या रविवारी दुकान आवरायला गेले. माय खुर्चीत बसून होती. गिऱ्हाइकांचे राहिलेले कपडे इस्माईलभाईंनी घरोघर पोचवले होते. फळी पुसताना पत्र्याची कड लागली आणि बोट चांगलंच कापलं. सवयीनं मी बाटलीकडं हात नेला. माय उठली आणि तिनं माझं मनगट धरलं. आता तिला लांबचं दिसत नाही, म्हणून बोट अगदी डोळ्यांजवळ नेलं. भिंगाशी वाकली होती तशीच वाकली. थेंब फुगत होता.

"ह्यात हाय ना त्यो?" तिनं विचारलं.

"हाय, माय. निम्मा."

ती बघत राहिली. थेंब ओघळला, तिच्या अंगठ्यावर आला, तिनं पुसला नाही. मग तिनं बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि बाटली परत फळीवर, निळीच्या डब्याशेजारी, होती तिथं ठेवली.